सावलीला पळणारी गाय

पहाटे साडेचारला फोन वाजला की माझा हात आधी उशालगतच्या बॅटरीकडं जातो. ढोरांच्या दवाखान्यात तीस-बत्तीस वर्षं काढली. कुणाची म्हैस अडलीय, कुणाचं वासरू आडवं आलंय, त्या वेळेला फोन यायचा तो असाच. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण हाताला अजून ते कळलेलं नाही. हल्ली फोन असतो भाच्याचा, न्यूझीलंडहून. तिथं दुपारचे बारा वाजलेले असतात, त्याची जेवायची सुट्टी असते, आणि मामा पेन्शनर म्हणजे जागाच असणार अशी त्याची खात्री.

"झोपलाव का मामा?"

"न्हाई, तुझीच वाट बघलालतो. बोल."

"गवत धुलालोय."

मला वाटलं, रेंज गेली. आमच्याकडं पोळ्याला बैल धुतात, लग्नाच्या आधी गोधड्या धुतात. गवत धुताना मी कुणाला बघितलेलं नाही.

पोरगं उदगीरकडचं. दुग्धव्यवसायाची पदविका केली, चार वर्षं इकडं तिकडं केलं आणि गेलं वायकाटोत, साडेचारशे गाईंच्या गोठ्यावर. गोठा आपण म्हणायचं; गाई बारा महिने रानातच, धारेपुरत्या आत. मालकानं त्याला नवं काम लावलं होतं. रानात दहा-बारा जागी वाकायचं आणि अगदी बुडातून, जमिनीपासून बोटभर सोडून, गवत कापायचं. सगळं मिळून साठ ग्रॅम. ते सहाशे मिलिलिटर पाण्यात घालून तीन मिनिटं खळाखळा हलवायचं. त्या गढूळ पाण्याचा थेंब बारीक चौकटी आखलेल्या काचेवर घ्यायचा, काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवायची आणि मोजत बसायचं.

मोजायचे ते बुरशीचे बीजाणू. त्यानं काचेतून दिसणारा फोटोही पाठवला. काळपट, लांबट, आडव्या-उभ्या रेघांनी खाने पडलेले. तिकडं म्हणे त्यांना हातबॉम्बची उपमा देतात. मला मात्र आमच्या बालाघाटातली सीताफळं दिसली, मुंगीनंसुद्धा हसावं एवढाली.

"किती निघाले?"

"आज बावीस हजार. एका ग्रॅमला. तीस हजारांवर गेले की मालक झोपत न्हाई."

तीस हजारांवर काय होतं ते त्यानं दुसऱ्या एका व्हिडिओत दाखवलं. गेल्या वर्षीचा व्हिडिओ, शेजारच्या रानातला. काळी-पांढरी गाय कुंपणालगत, बोटाएवढ्या सावलीत अंग चोरून उभी होती. मोबाईल जवळ गेला तसं दिसलं, पांढऱ्या भागावरचं कातडं जुन्या चुन्याच्या भिंतीसारखं पोपडे धरून सुटलेलं. काळा भाग मात्र तुळतुळीत. जिथं काळा रंग संपला तिथून दुखणं सुरू, मधे जणू कुणी पेन्सिलीनं रेघ ओढलेली. भाचा मागून सांगत होता, याला फेशियल एक्झिमा म्हणतात मामा, म्हणजे तोंडाचा इसब.

मी व्हिडिओ थांबवला. ही रेघ मी आधी बघितली होती.

*

२०१६ चा एप्रिल. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं आणि पेपरात रोज त्या गाडीचे फोटो छापून येत होते. आमच्या दवाखान्याच्या हद्दीतल्या एका तांड्यापलीकडच्या वस्तीवरून निरोप आला. बाई एकटी, नवरा वारलेला, पोरगा पुण्याकडं कंपनीत. दावणीला एकच गाय, होस्टन क्रॉस. छावणी लांब होती आणि एका गाईसाठी घर बंद करून छावणीत जाऊन राहणं तिला जमण्यासारखं नव्हतं. त्या भागात आम्ही अशा बाईला अक्का म्हणतो, मीही म्हणायचो.

"दोन दिसापसून दूध तोडलंय बगा," अक्का म्हणाली. "आठ लिटरवरून दोनावर आली. आन उनात बांदली की दावं तोडून चिंचंखाली पळती."

गाय काळी-पांढरी. कान सुजून जड झालेले, खाली पडलेले. नाकपुडीचं कातडं करपल्यासारखं. पाठीवरचा पांढरा पट्टा हात लावू देत नव्हता, आणि सड इतके चिरलेले की वासराला लाथ मारत होती. पारा त्रेचाळिसाच्या आसपास होता. मी जास्त विचार केला नाही. "ऊन लागलंय," म्हणालो. अॅलर्जीवरचं इंजेक्शन दिलं, जखमांवर झिंक ऑक्साईडचं पांढरं मलम थापलं, उन्हात बांधू नका म्हणून सांगितलं आणि गाडीला किक मारली. लोक मला डॉक्टर म्हणायचे. मी पदविकावाला पशुधन पर्यवेक्षक, श्रेणी दोनच्या दवाखान्याचा. पण डॉक्टर म्हणवून घ्यायची सवय लवकर लागते.

गाईचं कातडं मी चांगलं दहा मिनिटं न्याहाळलं होतं. पापणी उलटून बघितली नाही. त्याला पाच सेकंद लागतात आणि पदविकेच्या पहिल्या महिन्यात ते शिकवतात.

चौथ्या दिवशी परत गेलो तेव्हा जखमा सुकत आल्या होत्या. मी खूष. पण गाय चघळत नव्हती. शेण म्हणजे काळ्या, कोरड्या गोळ्या. मूत हळदीच्या पाण्यासारखं. शेजारच्या मोकळ्या रानात एका धनगराची मेंढरं बसवलेली होती. पाणी मागायला तो अक्काच्या दारात आला होता. त्यानं काठी भिंतीला टेकवली, गाईजवळ उकिडवा बसला, अंगठ्यानं तिची खालची पापणी ओढली आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "उनाचं न्हाई हे. हिनं टणटणी खाल्लीय. कावीळ हाय."

डोळा पिवळाधमक होता.

आम्ही तिघं नाल्यावर गेलो. नाला कोरडा ठाक होता, आजूबाजूला हिरवं म्हणावं असं काडीभर नव्हतं, आणि त्या सगळ्या करपलेल्यात एकच गोष्ट हिरवी होती, काठाकाठानं वाढलेली घाणेरी. आमच्याकडं घाणेरी, टणटणी अशी दोन्ही नावं चालतात. एरवी जनावर तिला तोंड लावत नाही. वासानंच मान फिरवतं. पण अक्का गाईला रोज दुपारी तिथंच चारायला सोडत होती, कारण चारायला दुसरं काही नव्हतं. बुंध्यालगतच्या काड्या पाल्याशिवाय उभ्या होत्या.

अकराव्या दिवशी गाय गेली. पाठीवरचे पोपडे तोवर गळून पडले होते आणि खालून गुलाबी, कोवळं, नवं कातडं आलं होतं. अक्का त्यावर हात फिरवत होती. "कातडं तं बरं झालतं की डॉक्टर," एवढंच बोलली.

*

त्या कातड्याची गोष्ट मला नीट समजली ती बरीच उशिरा, आणि खरं सांगायचं तर भाच्याच्या फोनांमुळं पुन्हा पुस्तकं काढली तेव्हा.

ढोर हिरवं खातं. हिरव्या रंगाचं, हरितद्रव्याचं, पोटातले जंतू तुकडे करतात. त्यातून फायलोएरिथ्रिन नावाचं एक द्रव्य निघतं. ते रक्तात शिरतं, यकृत ते उचलतं आणि पित्ताबरोबर आतड्यात सोडून देतं, शेणावाटे बाहेर. रोजचं काम, कुणाच्या लक्षातही येत नाही. पण पित्ताची वाट तुंबली तर? मोरी तुंबली की घाण पाणी ओसरीवर येतं, तसं ते द्रव्य रक्तात साठतं आणि फिरत फिरत कातड्यापर्यंत पोचतं. त्यावर ऊन पडलं की आतून भाजायला सुरुवात. काळ्या कातड्यात रंग असतो, तो ऊन अडवतो. पांढऱ्या केसाखालचं गुलाबी कातडं उघडं पडतं. म्हणून ती रेघ.

मेंढीला अंगभर लोकर, म्हणून तिचं दुखणं उरलेल्या जागी दिसतं, तोंडावर आणि कानांवर. नाव पडलं तोंडाच्या इसबाचं, आणि हे नाव धडधडीत खोटं आहे. इसब नाही आणि तोंडाचाही नाही. दुखणं यकृताचं, तोंड बिचारं निरोप घेऊन आलेलं. मी त्या निरोप्याला मलम लावत बसलो होतो.

घाणेरीत लँटाडीन नावाची विषं असतात, ती पित्ताची वाट बंद करतात. आणखी वाईट म्हणजे पोटही थांबवतात. कोठा हलायचा थांबला की खाल्लेला पाला तिथंच पडून राहतो आणि विष थोडं थोडं झिरपत राहतं. म्हणून जनावर दोन दिवसांनी सावरेल असं वाटतं आणि सावरत नाही. अशा वेळी नळीनं सक्रिय कोळशाची पूड पोटात सोडायची असते, मोठ्या गाईला दोन-अडीच किलो, भरपूर पाण्यातून. अंधाऱ्या जागी बांधायचं, हिरवं बंद. दोन-अडीच किलो तसला कोळसा माझ्या दवाखान्याच्या कपाटात कधी होता का, ते विचारू नका. पण पहिल्या दिवशी पापणी उलटली असती तर उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंत फोन तरी केला असता.

न्यूझीलंडमधलं विष वेगळं. तिथं रायग्रासची गालिच्यासारखी कुरणं. उन्हाळ्याच्या अखेरीस गवताच्या बुडाला वाळका पाला साठतो, वर हलका पाऊस पडतो, रात्रीही गवतालगत बारा-तेरा अंशांच्या खाली थंडी उतरत नाही. आपल्या श्रावणझडीसारखं कोंदट, पण तिकडं ते जानेवारी ते मे. त्या कुजक्या थरावर बुरशी धरते आणि तिच्या बीजाणूंत स्पोरिडेस्मिन असतं. गाय गवत बुडापर्यंत खाते, बीजाणू पोटात, विष यकृतात, पित्तनलिका सुजून बंद. घाणेरी दोन-चार दिवसांत तोंड दाखवते. हे मात्र दहा-बारा दिवस, कधी तीन आठवडेही गप्प बसतं. म्हणजे ज्या दिवशी गाय कुंपणाच्या सावलीला पळते, त्या दिवशीचं गवत अगदी निर्दोष असू शकतं. मालक रान बदलून मोकळा होतो आणि अपराधी रानात दुसरी गाय सोडतो.

इतकं साधं वाटणारं हे कोडं त्यांना साठेक वर्षं सुटलं नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून रोग माहीत होता. १९३८ साली मोठी साथ आली, मेंढरं ढिगानं गेली, आणि तरी दोष गवताचा, पावसाचा की उन्हाचा यावरच चर्चा. हॅमिल्टनजवळच्या रुआकुरा संशोधन केंद्रात १९५८ च्या सुमाराला बुरशीवर बोट ठेवता आलं. त्या कामात रिचर्ड सिंज हा गृहस्थ पाहुणा म्हणून वर्षभर जाऊन राहिला होता. सहा वर्षांपूर्वी त्याला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेलं. नोबेलवाला माणूस मेंढीच्या कानाची सूज समजून घ्यायला गवतात बसतो, ही गोष्ट मला फार आवडते. आमच्याकडं श्रेणी दोनच्या दवाखान्यातून वर अहवाल पाठवला की तो कुठल्या फायलीत बसतो हे मलाही कधी कळलं नाही.

पण उपाय सापडला तो केंद्रात नव्हे. 'ते आरोहा' नावाच्या गावात ग्लॅडिस रीड नावाची शेतकरीण होती. स्वतःच्या गाई सांभाळणारी. झिंक दिलेल्या जनावरांना हा रोग होत नाही, असं तिनं धरलं आणि सांगत सुटली. शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं तिला उडवून लावलं. पदवी नाही, प्रयोगशाळा नाही, बाई. ती मात्र शेतकऱ्यांच्या बैठकांतून बोलत राहिली. शेवटी रुआकुरात रीतसर प्रयोग झाले आणि झिंक चालतं हे निघालं. १९८३ साली तिला ओबीई हा ब्रिटिश राजसत्तेचा किताब मिळाला. भाच्यानं मला हे सांगितलं तेव्हा मला ग्लॅडिसबाईंच्या आधी काठी भिंतीला टेकवणारा तो धनगर आठवला. त्याला मी त्या दिवशी नाव-गावही विचारलं नव्हतं.

झिंक कसं चालतं तेही गमतीचं आहे. स्पोरिडेस्मिन तांब्याच्या मदतीनं यकृतात आगी लावतं. झिंक आधीच हजर असलं की ते विषाला धरून ठेवतं. आधीच, ही त्यातली गोम. दुखणं दिसल्यावर झिंक पाजणं म्हणजे वरात गेल्यावर मांडव घालणं. मी गाईच्या पाठीवर थापलेलं मलम तेच झिंक ऑक्साईडचं होतं, हे लक्षात आलं तेव्हा हसूही आलं नाही. अर्थात घाणेरीच्या विषाची जात वेगळी. हे वाचून कुणी घाणेरी खाल्लेल्या जनावराला झिंक पाजायला जाऊ नये.

*

भाच्याचा हिशोब असा. गाईच्या वजनाला किलोमागं वीस मिलिग्रॅम झिंक, रोज. चारशे किलोची गाय म्हणजे आठ ग्रॅम झिंक. झिंक ऑक्साईडमध्ये ऐंशी टक्के झिंक असतं, म्हणजे पूड दहा ग्रॅम. पाण्यातून द्यायचं तर झिंक सल्फेट, ते साधारण पस्तीस ग्रॅम. हेच झिंक सल्फेट आमच्या मराठवाड्यात एकरी दहा किलोनं जमिनीत जातं, पोती मी स्वतः वाहिलीत. डोस कमी पडला तर उपयोग नाही, जास्त झाला तर झिंकच विष होतं, स्वादुपिंडावर बसतं. सलग शंभर दिवसांच्या पुढं जायचं नाही.

कागदावर सोपं. भाचा पहिल्याच मोसमात फसला. झिंक सल्फेटचं पाणी कडू लागतं. एकदम पूर्ण डोस कालवला तर गाई हौदाकडं ढुंकून बघत नाहीत, पाणी कमी पितात आणि दूध उतरतं. म्हणून थोडं थोडं चढवत न्यायचं. तेही त्यानं केलं. मग दोन दिवस पाऊस लागला. रानात डबकी साचली, चरीतून गोडं पाणी वाहायला लागलं, आणि साडेचारशे गाई शहाण्यासारख्या तिकडं वळल्या. हौद भरलेला, झिंक मोजून मापून घातलेलं, प्यायला कुणी नाही. आणि नेमका तोच पाऊस बुरशीला हवा असतो. "मामा, ज्या दिसी लागतं त्याच दिसी पोटात जात न्हाई," तो कळवळून म्हणाला. आता तो पावसाचा अंदाज बघून पेंडेतून पूड देतो. मेंढ्यांना आणि काही गाईंना झिंकची मोठी गोळी पोटात सोडतात, ती महिना-दीड महिना विरघळत राहते. कुणी कुरणावर बुरशीनाशक फवारतं. त्यातलं एक कार्बेन्डाझिम, आमच्याकडं बियाण्याला चोळतात तेच. आणि सगळ्यांत स्वस्त उपाय, गवत बुडापर्यंत खाऊ द्यायचं नाही, कारण बीजाणू तळात असतात.

मी विचारलं, "शेजाऱ्यानं मोजलं की. त्याचाच आकडा धर, कशाला रोज वाकतोस?"

"न्हाई चालत. बांधाला बांध लागून हाय, त्याच्या रानात दहा हजार आन आमच्यात सत्तर हजार."

हे मात्र मला समजवायची गरज नव्हती. बैलाच्या एका शिंगावर पाऊस आणि दुसरं कोरडं, हे आमच्याकडं म्हण म्हणून नाही, पीकविम्याचा वाद म्हणून चालतं. महसूल मंडळाचं पर्जन्यमापक एका गावात, ढग फुटतो दुसऱ्या गावात. पासष्ट मिलिमीटरचा आकडा त्या मापकात पडला नाही तर तुमच्या रानात गुडघाभर पाणी असून अतिवृष्टी झालीच नाही. तिथला शेतकरी निदान स्वतःचं गवत स्वतः धुतो.

आणखी एक गोष्ट त्यानं सांगितली ती अजून डोक्यातून जात नाही. रक्तात जीजीटी नावाचं एन्झाइम असतं. पित्तनलिकेला इजा झाली की ते चढतं आणि कित्येक आठवडे चढलेलंच राहतं. गेल्या वर्षी शेजारच्या कळपात कातडं सुटलेल्या गाई मोजक्या होत्या. रक्त तपासलं तर यकृताला इजा झालेल्या कितीतरी जास्त. ढोबळ हिशोब तिथं असा धरतात की एक दिसली की न दिसणाऱ्या दहा. त्या चरतात, माजावर येतात, धारेला उभ्या राहतात, फक्त दूध थोडं कमी आणि पुढच्या वेताला अचानक बसतात. मग आपण म्हणतो, नशीब.

त्यावरून मी २०१६ ची माझी नोंदवही आठवायला लागलो. त्या उन्हाळ्यात "दूध कमी, भूक मंद" असे शेरे किती मारले असतील? आणि त्या नाल्यावर आणखी कुणाकुणाची ढोरं चरत होती?

*

आमच्या जुन्या जाती या बाबतीत शहाण्या निघाल्या, असं म्हणायचा मोह होतो. धनगरांची डेक्कनी मेंढी बहुतेक काळी. उस्मानाबादी शेळी काळी. देवणी गाईंत वानेरा म्हणून जो प्रकार आहे त्याचं अंग पांढरं आणि तोंड काळं. तोंडाचा इसब म्हणणाऱ्याला तिथं काही सापडायचं नाही. लाल कंधारी तर नखशिखान्त लाल. पण मोह आवरतो, कारण काळं कातडं फक्त निरोप अडवतं. यकृत काळ्या गाईचंही तितकंच कुजतं. उलट पांढरी निदान ओरडून सांगते.

न्यूझीलंडवाले त्यावरही मात करायला बघतात. एडक्याला मोजून मापून थोडं विष देतात, रक्त तपासतात, आणि ज्याचं यकृत टिकलं त्याची पैदास ठेवतात. १९८४ पासून ही सेवा रीतसर चालू आहे. माळेगावच्या यात्रेत एडका विकत घेताना आमचे लोक शिंगं बघतात, छाती बघतात, चाल बघतात. यकृत बघायची सोय खंडोबानंही ठेवलेली नाही.

सराट्याचंही सांगून टाकतो. आमच्या अनवाणी पायांत आणि सायकलीच्या चाकात घुसणारा हाच काटा, आयुर्वेदाच्या दुकानात गोखरू नावानं मिळणारा. दक्षिण आफ्रिकेच्या कारू भागात पावसानंतर उगवलेला सराटा कडक उन्हानं कोमेजला आणि मेंढ्यांनी तो खाल्ला की त्यांची डोकी सुजतात, कावीळ होते. तिथले लोक त्याला गीलडिक्कोप म्हणतात, म्हणजे पिवळं जाड डोकं. नाव ठेवावं तर असं. पिवळं हा शब्द त्यांनी सोडला नाही.

*

गेल्या आठवड्यात लग्नाच्या निमित्तानं त्या वस्तीकडं जाणं झालं. अक्काकडं वळलो. मधली काही वर्षं मी तो रस्ता टाळत होतो, आता टाळायला दवाखाना राहिला नाही. दावणीला लाल कंधारी, तिसऱ्या वेताची, आणि खाली वासरी. नाल्याकडं बघितलं. घाणेरी आहेच, शोभेचं झाड म्हणून दोनशे वर्षांपूर्वी या देशात आणलेली ही बया एका गावाच्या श्रमदानानं जात नाही. पण अक्काच्या बांधालगतचा पंचवीस-तीस पावलांचा पट्टा मुळासकट खणून काढलेला दिसला.

"दरसाली काडती मी," ती म्हणाली. "पावसाळ्याच्या तोंडाला माती वली आसती तवा. नुसती तोडली तं दुप्पट फुटती."

मी भाच्याचं सांगितलं. गवत धुणं, सीताफळासारखे पण डोळ्यांना न दिसणारे दाणे, तीस हजार. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मंग त्यायनी मोजून कळलं तरी दाण्याला काय करत्यात?"

"दाण्याला काय न्हाई. गाईला आधी औषध देत्यात."

"आसं," म्हणाली आणि उठून दावणीकडं गेली. वासरीला बाजूला सारलं, गाईचं तोंड काखेत धरलं, अंगठ्यानं खालची पापणी ओढली आणि मला बोलावलं. गुलाबी होती. दुसरा डोळाही दाखवला. दर शनिवारी, बाजाराला जायच्या आधी ती हे करते म्हणे, २०१६ पासून. हे तिला कुणी शिकवलं ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

"आन डॉक्टर, खनिज मिश्रणाची पिशवी लई महाग झालीया. दवाखान्यात फुकट येत हुती तवा तुमी कुटं ठिवीत हुताव?"